मिश्र वस्तीतले जुने घर, मोठी दुरुस्ती आणि लहान मुले: निर्णय कसा घ्यावा?

उंबरठा

आम्ही पती-पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा असे चौघे सध्या भाड्याच्या घरात राहतो. शहराच्या जुन्या भागातले एक दुमजली घर विकाऊ असल्याचे कळले आणि ते पाहिल्यापासून आमच्या मनातून जात नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, पुढचे दार थेट अरुंद रस्त्यावर उघडते आणि मागे लहानसे अंगण आहे. घर बरीच वर्षे बंद होते, त्यामुळे वरच्या खोलीच्या छताला ओल आली आहे, जिन्याचा कठडा हलतो, खिडक्यांच्या चौकटींवर रंगाचे थरावर थर चढले आहेत आणि वायरिंग कधी केले होते हे सांगू शकेल असे कोणी उरलेले नाही. अर्थात घराची अशी अवस्था आहे म्हणूनच ते आमच्या आवाक्यात आहे. त्याच भागातले धडधाकट घर घेणे आम्हाला शक्य नाही.

वस्ती खऱ्या अर्थाने मिश्र आहे. एकाच गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत, कामासाठी नुकतीच शहरात आलेली भाडेकरू मंडळी आहेत, वेगवेगळ्या धर्मांची आणि भाषांची माणसे आहेत, हातावर पोट असलेली घरे आहेत आणि चांगल्या नोकरीतली जोडपीही आहेत. नातेवाइकांच्या मते लहान मुले असताना असे घर आणि अशी वस्ती निवडणे म्हणजे दुहेरी धोका पत्करणे आहे. आम्हाला मात्र मुलांनी केवळ आपल्यासारख्याच लोकांत वाढू नये असे मनापासून वाटते. तरीही हा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नाही, म्हणून या चर्चामंचावरच्या अनुभवी मंडळींना विचारतो आहोत. घरातले कोणते दोष दुरुस्त होण्यासारखे असतात आणि कोणते दिसल्यावर माघार घ्यावी? काम चालू असताना मुलांसह तिथे राहता येईल का? आणि वस्ती मुलांसाठी चांगली आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे आणि माझे बरेचसे काम जुन्या इमारतींचेच असते. तुमच्या पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

जुन्या घरातले बहुतेक दोष दुरुस्त होतात, प्रश्न खर्चाचा आणि क्रमाचा असतो. मात्र जे दुरुस्त होत नाही ते आधी पाहावे, आणि त्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते जोत्याच्या, म्हणजे ज्या चौथऱ्यावर घर उभे असते त्याच्या, उंचीकडे. जुन्या भागातले रस्ते दर वेळी थरावर थर टाकून उंच होत जातात आणि घराचे जोते होते तिथेच राहते. रस्ता उंबऱ्याच्या वर गेला असेल, तर जोरदार पावसात रस्त्यावरचे पाणी घरात येते आणि त्यावर घराच्या आतून कोणताही कायमचा इलाज करता येत नाही. सांडपाण्याच्या नळाचा उतारही असाच. घरातली पातळी बाहेरच्या गटारापेक्षा खाली असेल, तर पुढची सगळी वर्षे पंपाच्या भरवशावर काढावी लागतात. उजेड आणि हवा यांचेही तेच आहे. दोन्ही बाजू सामाईक असल्यामुळे तुम्हाला फक्त पुढून आणि मागून खिडक्या मिळणार आहेत; मधल्या खोल्यांना छतातून किंवा घरातल्या उघड्या चौकातून उजेड घेण्याची सोय आहे का, हे आत्ताच पाहून घ्या.

आता ओलीबद्दल. ओल दिसली की लोक वॉटरप्रूफिंगच्या मागे लागतात, पण ओल तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. छताची किंवा पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, गळती वरून खाली उतरते आणि पावसाबरोबर कमी-जास्त होते. नळाची गळती ऋतू पाहत नाही, ती बारमाही असते. जमिनीतून चढणारी ओल खालून साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते आणि जाताना मागे पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, ठेवते. घर जुन्या काळचे, चुन्यात बांधलेले असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे हा सर्वांत घातक उपाय आहे, कारण चुन्याची भिंत ओलावा बाहेर टाकत असते आणि सिमेंटचा थर तो आत कोंडतो. मग ओल आणखी वर चढते आणि भिंतीत शिरलेल्या लाकडी तुळयांची टोके कुजतात. म्हणून तुळई मधोमध पाहू नये. जिथे ती भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर लाकूड वरून कितीही चांगले दिसत असले तरी त्याचा जोर गेलेला आहे. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर त्या झाडून टाकण्याआधी कुठून येतात ते शोधावे.

स्लॅब काँक्रीटचा असेल तर वेगळी गोष्ट तपासावी लागते. नव्या काँक्रीटचा सामू (पीएच) 12 ते 13 असतो आणि या अल्कलीमुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की सामू 9 च्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि ते संरक्षण संपते. त्यात ओल मिळाली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी जास्त जागा घेतो आणि खालचे कवच फुगून सुटते. हातोडीने हलकेच ठोकत जावे. पोकळ, बद्द आवाज आला तिथे कवच सुटलेले आहे असे समजावे. एखाद्या कोपऱ्यात असे असेल तर दुरुस्ती होते. सगळ्या स्लॅबभर असेल आणि सळईचा व्यास निम्म्यावर आला असेल, तर स्लॅब बदलण्याचाच हिशेब धरावा. घर घेण्याआधी रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज), अल्ट्रासॉनिक (आतल्या भेगा आणि पोकळ्या) आणि हाफ सेल (सळई गंजण्याची शक्यता) या चाचण्या करून घ्या. त्यांचा खर्च संपूर्ण व्यवहाराच्या मानाने किरकोळ असतो.

तडे पाहून घाबरू नका, पण ते वाचायला शिका. गिलाव्यातल्या केसासारख्या रेषा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला तडा पाया खचल्याची खूण असू शकतो. 5 मिलीमीटरपेक्षा रुंद तडा असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून चालू आहे, हा खरा प्रश्न असतो. त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही ऋतूंत निरीक्षण झाले तर उत्तम, मात्र विक्रेता तेवढा थांबेलच असे नाही.

बालवैद्य

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने अगदी स्पष्ट आहे. धूळ उडवणारी कामे पूर्ण होऊन घर नीट स्वच्छ होईपर्यंत अडीच वर्षांच्या मुलाने त्या घरात राहू नये.

खिडक्यांवर रंगाचे अनेक थर आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. जुन्या तैलरंगांत शिसे मोठ्या प्रमाणात असे. घराच्या रंगातल्या शिशावर अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली, अनेक देशांत ती त्याच्या कितीतरी नंतर आली. रंग शाबूत असतो तोवर धोका कमी असतो, परंतु कोरड्या सँडपेपरने घासल्यास त्याची अतिशय बारीक धूळ होते. ती जमिनीवर आणि खिडकीच्या खाचेत बसते, मुलांचे हात तिथे जातात आणि तेच हात तोंडात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. लक्षणे दिसतील मग पाहू, असे म्हणण्याची सोयच नाही, कारण कमी पातळीवर बाहेरून काहीही दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: काम सुरू होण्याआधी रंगाच्या नमुन्याची तपासणी करून घ्यावी, शिसे आढळले तर कोरडे घासणे आणि ज्वाळेने रंग जाळून काढणे दोन्ही पूर्णपणे टाळावे, पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावे, खोली प्लास्टिकने बंद करावी आणि साफसफाई झाडूने न करता अतिशय बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने करावी. खिडक्या फार खराब असतील तर चौकटीसह बदलणे कधी कधी अधिक सुरक्षित ठरते. काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे तिथेच बदलावेत, कारण त्यांच्याही घरी मुले असतात. राहायला गेल्यानंतर मुलांच्या रक्तातील शिशाची एकदा तपासणी करून घ्यावी. अमेरिकेत 2021 पासून लहान मुलांसाठी दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम ही दखल घेण्याची पातळी मानली जाते.

पिण्याच्या पाण्याचे नळही तपासा. फार जुन्या घरांत शिशाचे नळ किंवा शिशाचे डाग दिलेले जोड सापडतात. पाणी उकळल्याने शिसे जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते.

मागच्या अंगणात किंवा छपरावर अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना स्वतः हात लावू नका. ते न फोडता, न कापता, भिजवून, प्रशिक्षित माणसांकडून उतरवून घ्यावेत. त्याच्या तंतूंमुळे होणारे आजार कित्येक दशकांनी डोके वर काढतात. आणि छताच्या ओलीचे काम सर्वांत आधी करा, कारण ओल आणि बुरशी यांचा मुलांच्या दम्याशी असलेला संबंध पुरेसा सिद्ध झालेला आहे.

कागदपत्र

थोडक्यात लिहितो. बंद असलेले घर रिकामे असतेच असे नाही. जुन्या भाडेकरूचा हक्क, वारसांपैकी एखाद्याची न झालेली सही, थकीत कर, गहाणाचा बोजा हे सर्व वकिलाकडून तपासून घ्या. सामाईक भिंतींवर तुमचा हक्क नेमका किती, त्यात तुळई बसवता येते का, शेजाऱ्याची लेखी संमती लागते का, हे खरेदीआधी कागदावर असले पाहिजे. इमारत वारसा वास्तूंच्या यादीत असेल तर खिडकी बदलण्यासाठीही परवानगी लागू शकते. करारात ‘संरचनात्मक तपासणीचा अहवाल समाधानकारक आल्यास’ अशी अट घालून घ्या, आणि घराचे कर्ज व दुरुस्तीचे कर्ज बँक वेगवेगळे मोजते का, हे आधी विचारा. पुष्कळ कुटुंबांची सारी शिल्लक खरेदीतच संपते आणि छत उघडे पडल्यावर त्यांच्या हातात काहीही राहत नाही.

सावधपाऊल

मला विरोधी बाजू मांडायची आहे, कारण वरचे सर्व प्रतिसाद ‘कसे करावे’ याबद्दल आहेत आणि ‘करावे का’ हा प्रश्न मागे पडतो आहे. मोठी दुरुस्ती हे दोन्ही पालकांचे दुसरे पूर्णवेळ काम असते. कोणीतरी रोज तिथे उभे राहावे लागते, दर दिवशी निर्णय घ्यावे लागतात, गवंडी आला तर प्लंबर येत नाही आणि प्लंबर येतो तेव्हा सामान आलेले नसते. भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरावा लागतो. अडीच वर्षांच्या मुलाला ज्या काळात आईवडील सर्वांत जास्त हवे असतात, तोच काळ तुम्ही सिमेंटच्या पोत्यांमध्ये घालवणार आहात. धाकटा शाळेत जाऊ लागेपर्यंत थांबलात तर काय बिघडेल? घर गेले तर दुसरे मिळेल. माझा वस्तीला अजिबात आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या वेळेला.

ओळंबा

सावधपाऊल यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. अंदाजपत्रकाच्या वर निदान 20 टक्के राखीव हवेत, आणि घर इतकी वर्षे बंद असेल तर मी त्याहून अधिक धरीन, कारण गिलावा काढल्याशिवाय भिंतीची खरी अवस्था कळत नाही. तेवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर घर कितीही स्वस्त वाटले तरी ते तुमच्यासाठी महागच आहे.

मात्र काम दोन टप्प्यांत विभागले तर पालकांवरचा भार बराच कमी होतो. पहिल्या टप्प्यात छत, संरचना, सांडपाणी, नळ, वायरिंग, रंग उतरवणे आणि जिना एवढेच करावे. ही सर्व धुळीची आणि धोक्याची कामे आहेत आणि ती एकदाच, घर रिकामे असताना, उरकावीत. फरशी, स्वयंपाकघरातली कपाटे, अंगण, वरची खोली यांपैकी पुष्कळ कामे राहायला गेल्यानंतर एकेक करून होऊ शकतात. लोक नेमके उलट करतात. पाहुण्यांना दिसणाऱ्या गोष्टी आधी करतात आणि मग वायरिंगसाठी नवी कोरी भिंत फोडतात.

मुले राहायला येण्याआधी ज्यांत कसलीही तडजोड करू नये अशा गोष्टी मोजक्याच आहेत. प्रत्येक खोलीला अर्थिंग आणि सगळ्या घराला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारे उपकरण, असले पाहिजे. कठड्याच्या आणि खिडकीच्या गजांमधले अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असावे, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचे धड जाते आणि डोके अडकते. गज उभे असावेत. आडवे गज मुलांना चढायला आयतेच मिळतात. गीझरचे तापमान 50 अंश सेल्सिअसच्या आसपास नळाशी मर्यादित करावे, कारण 60 अंशांचे पाणी मुलाच्या त्वचेला काही सेकंदांत गंभीर भाजते. वरच्या मजल्यावरून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, याचाही विचार करा. खिडकीला पूर्ण बंद जाळी ठोकलेली असेल, तर आग लागल्यावर तीच अडचण होते. आतून मोठ्या माणसाला उघडता येईल अशी बिजागरीची जाळी बसवावी.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गात नेहमीच वेगवेगळ्या घरांतली मुले असतात, म्हणून तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

मिश्र वस्तीत राहिल्याने मुले आपोआप मोकळ्या मनाची होतात असे मानू नये. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले होते की वेगवेगळ्या गटांतल्या माणसांचे पूर्वग्रह केवळ जवळ राहिल्याने कमी होत नाहीत; त्यासाठी बरोबरीचे नाते, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या साहाय्याने केलेले काम आणि मोठ्यांचा वा संस्थांचा पाठिंबा असावा लागतो. पुढे 2006 मध्ये टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 515 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात असे त्यांना दिसले आणि या अटी पूर्ण झाल्या तर परिणाम अधिक ठळक होतो असेही दिसले. मुलांच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे. शेजारच्या मुलाला खिडकीतून पाहणे हा संपर्क नव्हे. त्याच्याबरोबर एका संघात खेळणे, एका बाकावर बसणे, एकत्र किल्ला रचणे हा संपर्क आहे.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हाला असा आहे की मुले शाळेत कुठे जाणार? मिश्र वस्तीत हौसेने घर घेऊन मुलांना रोज बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांची मुले संध्याकाळी दमून घरी येतात, गल्लीतल्या खेळात त्यांना कोणी ओळखत नाही, आणि वस्तीशी त्यांचे नाते दारातून गाडीपर्यंत जाण्यापुरतेच उरते. जवळच्या शाळेत जा, वर्ग चालू असताना बाहेर उभे राहा, मुख्याध्यापकांना भेटा. निकालाचे आकडे पाहाच. पण मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र खेळतात की आपापले कोंडाळे करून उभी राहतात, हे त्याहून अधिक लक्ष देऊन पाहा. भांडण झाल्यावर शिक्षक काय करतात, तेही पाहा.

वस्तीचा मुलांच्या आयुष्यावर दीर्घकाळ परिणाम होतो, याचे पुरावेही आहेत. अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत झालेल्या एका प्रयोगात गरीब कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्त्यांत जाण्यासाठी मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की जी मुले 13 वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेली, त्यांचे विशीच्या मध्यातले उत्पन्न तुलनेच्या मुलांपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी जास्त होते, तर त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना तसा लाभ झाला नाही. हा अभ्यास गरिबीच्या प्रमाणाबद्दल आहे, भाषा-धर्माच्या विविधतेबद्दल नाही, हे मुद्दाम नोंदवते. चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये दाखवले की वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतल्या लोकांची मैत्री जिथे अधिक, तिथल्या गरीब घरांतली मुले मोठेपणी अधिक पुढे जातात. तुमच्या घरात उद्या खेळायला येणाऱ्या मुलांच्या दृष्टीनेही ही गोष्ट मला मोलाची वाटते.

गल्लीतलीमी

मी अशाच वस्तीत लहानाची मोठी झाले. पाटीपेन्सिल यांचे म्हणणे पटते, त्यात मला आतून दिसलेली एक बाजू जोडायची आहे.

शेजारी म्हणजे तुमच्या मुलांच्या संस्कारांचे साधन नव्हे. आमच्या गल्लीत अधूनमधून अशी कुटुंबे येत, जी आम्हाला ‘किती छान विविधता’ म्हणून पाहत आणि आमच्या घरी मात्र कधी बसायला येत नसत. मुलांना हा फरक लगेच कळतो. याउलट एक काकू होत्या. त्या राहायला आल्या त्या आठवड्यातच माझ्या आईला म्हणाल्या, ‘मला उद्या उशीर होणार आहे, माझा मुलगा शाळेतून आला की तासभर तुमच्याकडे बसला तर चालेल का?’ आईला फार बरे वाटले, कारण नव्या माणसाने तिच्यावर विश्वास टाकला होता. पुढे मी कितीतरी संध्याकाळी त्या काकूंच्या घरी अभ्यास केला. तुम्ही फक्त देणारे राहू नका, मागायलाही शिका.

वस्ती पाहायची असेल तर वेगवेगळ्या वेळी जा: शाळा सुटण्याच्या वेळी, रात्री उशिरा, सुट्टीच्या दिवशी सकाळी. मुली रस्त्यावर खेळतात का आणि किती वयापर्यंत खेळतात, हे माझ्या मते सर्वांत खरे लक्षण आहे. संध्याकाळी बारा-तेरा वर्षांच्या मुली निर्धास्तपणे खेळताना, दुकानात जाताना दिसल्या, तर त्या रस्त्यावर लक्ष ठेवणारी मोठी माणसे आहेत असे समजावे. वाहनांचा वेग, अंधारे कोपरे, मोकळ्या जागेवर कोणाचा ताबा आहे, हे सगळे डोळ्यांनी पाहा. ‘ती वस्ती वाईट आहे’ असे सांगणाऱ्याला मात्र एक प्रश्न विचारा, की तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात?

मुलांशी फरकांबद्दल मोकळेपणाने बोला. ‘त्यांच्या घरी वेगळी प्रार्थना का असते’ असे सात वर्षांची मुलगी विचारणारच. तिला गप्प केले, तर त्या विषयात काहीतरी वाईट आहे असा अर्थ ती काढेल. उत्तर येत नसेल तर ‘आपण त्यांनाच विचारू’ म्हणावे आणि खरोखर विचारावे.

आणि एक कठीण गोष्ट. तुमच्यासारखी कुटुंबे आली की घरांचे भाव आणि भाडी वाढतात आणि माझ्या आईवडिलांसारख्यांना हळूहळू बाहेर पडावे लागते. तुम्ही एकट्याने हे थांबवू शकत नाही. पण राहायला येताच गल्लीतल्या फेरीवाल्याविरुद्ध किंवा मुलांच्या आरडाओरड्याविरुद्ध तक्रारी करायच्या नाहीत, एवढे तरी ठरवून यावे. ज्या गजबजाटामुळे वस्ती आवडली, तो घर घेतल्यावर नकोसा होऊ नये.

सावधपाऊल

ओळंबा यांनी सांगितलेले दोन टप्पे आणि राखीव रक्कम असेल, तर माझा विरोध बराच सौम्य होतो. तरी एक अट सुचवतो. दुरुस्तीच्या काळात आठवड्यातला एक पूर्ण दिवस घराच्या कामाविना, फक्त मुलांसाठी ठेवा आणि कंत्राटदाराला तसे आधीच सांगा.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून आम्ही दोघांनी बराच वेळ बसून विचार केला आणि काही गोष्टी नक्की केल्या.

जोत्याची उंची आम्ही पाहून आलो. रस्ता उंबऱ्यापेक्षा वीतभर खाली आहे, त्यामुळे ती मोठी काळजी मिटली. संरचनेच्या तपासणीची अट करारात घालायला विक्रेते तयार आहेत. अहवालात संपूर्ण स्लॅब बदलण्याची वेळ आली, तर आमची राखीव रक्कम पुरणार नाही, आणि तसे झाल्यास आम्ही माघार घेऊ; हे आत्ताच, घराचा मोह आणखी वाढण्याआधी, एकमेकांना स्पष्ट सांगून ठेवले आहे. पहिला टप्पा पूर्ण होऊन धुळीतल्या शिशाची तपासणी होईपर्यंत भाड्याचे घर सोडायचे नाही. दोन ठिकाणचा खर्च जड जाईल, त्यामुळे स्वयंपाकघर आणि वरची खोली बेताच्या अवस्थेत ठेवून पुढे ढकलली आहेत.

शाळेबद्दल आमचे दोघांचे एकमत नव्हते. मुलीची सध्याची शाळा चांगली आहे आणि तिच्या मैत्रिणी तिथे आहेत. पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद वाचल्यावर आम्ही गल्लीजवळच्या शाळेत जाऊन आलो. मधल्या सुट्टीत दोन मुली एका तिसरीला तिच्या भाषेतले मोजणीचे गाणे म्हणायला लावत होत्या आणि चुकले की तिघीही पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. वर्ग लहान नाहीत, इमारतही जुनीच आहे, पण शिक्षिका मुलांना नावाने ओळखतात. मुलीला पुढच्या वर्षापासून तिथे घालावे असे आता आम्हा दोघांनाही वाटते. तिलाही सोबत नेऊन शाळा दाखवणार आहोत आणि तिचे म्हणणे ऐकणार आहोत.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आमच्या कामाचा त्रास होणार. डावीकडच्या घरात एक वयस्कर आजी आहेत आणि उजवीकडचे भाडेकरू रात्रपाळी करून दिवसा झोपतात. त्यांच्याशी कधी आणि काय बोलावे?

ओळंबा

व्यवहार पक्का झाला की काम सुरू होण्याच्या पुरेसे आधी दोघांकडे स्वतः जा, कंत्राटदाराला पाठवू नका. दोन्ही घरांच्या सामाईक भिंतींची सध्याची छायाचित्रे त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने काढा आणि एकेक प्रत त्यांनाही द्या. पुढे तडा दिसला तर तो जुना की नवा यावरून वाद होणार नाही. ब्रेकर आणि तोडफोडीची कामे किती दिवसांची आहेत ते कंत्राटदाराकडून लिहून घ्या, आणि उजवीकडच्या मंडळींना त्यांच्या झोपेचे तास विचारून तेवढ्या वेळात सामाईक भिंतीवर घाव घालायचा नाही, अशी अटच करारात टाका. आजींच्या बाजूचा गिलावा हाताने, छिन्नीने काढायला सांगा. वेळ जास्त लागतो, पण जुन्या चुन्याच्या भिंतीला हादरे कमी बसतात. राडारोडा पोत्यांत भरून रोजच्या रोज उचलला जाईल आणि गल्लीत वाळूचा ढीग राहणार नाही, हेही त्याच करारात असू द्या.

गल्लीतलीमी

आणि आजींना तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. धूळ फार झाली, पाणी बंद झाले, काहीही झाले तरी त्यांनी थेट तुम्हालाच फोन करावा. मुलांनाही त्या दिवशी बरोबर घेऊन जा.